चोथा कुंडीत टाकण्यापूर्वी

कॉफी गाळून उरलेला चोथा झाडांना घालावा का, या प्रश्नाची चर्चा आता मराठी घरांतही ऐकू येते. गच्चीवर बाग करणारे आणि रोपवाटिकेत सल्ला देणारे त्याला फुकटचे खत म्हणतात. चोथ्याने गुलाबाला आम्ल माती मिळते, झाडाला नत्र मिळते, गोगलगायी पळतात आणि गांडुळे वाढतात, असे सांगितले जाते. यातला प्रत्येक दावा तपासण्याजोगा आहे आणि बहुतेकांची तपासणी कुठे ना कुठे झालेलीही आहे. मात्र ती झाली मेलबर्नला, वॉशिंग्टन राज्यात, हवाई बेटांवर. तिथली माती वेगळी, पाणी वेगळे आणि स्वयंपाकघरही वेगळे. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीसारख्या तालुक्यात, जिथे घराबाहेर पाऊल टाकले की द्राक्षबाग लागते आणि घरात दिवसातून दोन-तीनदा चहाचे आधण चढते, तिथे हा प्रश्न आहे तसा उचलून आणता येत नाही. उपलब्ध पुरावा इथल्या मातीशी आणि इथल्या भांड्याशी ताडून पाहिला, तर माझ्या मते एकच निष्कर्ष ठामपणे निघतो. चोथा कॉफीचा असो, चहाचा असो की वाइनरीतल्या द्राक्षांचा, तो खताचा कच्चा माल आहे. कुजवल्यावर तो मातीच्या कामाचा ठरतो. कच्चा घातला तर फारसा उपयोग नाही, आणि कोवळ्या रोपाला तर तो नडतो.

आधी घरात चोथा असतो तरी कोणता, हे पाहू. महाराष्ट्रात कॉफीची लागवड नावाजलेली आहे ती अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याची, आणि तीही थोडकीच. बाकी राज्यात कॉफी येते ती प्रामुख्याने कर्नाटकातून, आणि आपल्या घरांत ती बहुतांशी झटपट कॉफीच्या पुडीत किंवा बरणीत येते. ही पूड दुधात पूर्ण विरघळते, तिचा चोथा उरतच नाही. तो उरतो कारखान्यात, आणि असे कारखाने तो बॉयलरला जळण म्हणून वापरतात. फिल्टर कॉफी करणारी घरे इकडे थोडी. त्यांच्या पुडीत बहुधा चिकोरी असते. नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे उरलेला ४९ टक्क्यांपर्यंतचा भाग चिकोरीच्या भाजलेल्या मुळाचा असू शकतो. परदेशी प्रयोगांतला चोथा निव्वळ कॉफीचा असतो, हा फरक त्यांचे आकडे वाचताना ध्यानात ठेवायला हवा. नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या कॅफेंमधून निव्वळ कॉफीचा चोथा मिळू शकतो, पण दिंडोरीच्या रोजच्या स्वयंपाकघरातला चोथा हा चहाचाच. म्हणून पुढे कॉफीबद्दलचे जे पुरावे येतील, ते चहाला कुठे लागू पडतात आणि कुठे नाही, हेही सोबत पाहावे लागेल.

सुरुवात नत्रापासून करू, कारण हा हिशेब कागदावर मांडता येतो. चार माणसांचे घर, प्रत्येकाचे दिवसाला दोन कप आणि कपाला अडीच ग्रॅम पत्ती धरली, तर दिवसाला २० ग्रॅम आणि वर्षाला सुमारे ७ किलो ३०० ग्रॅम पत्ती लागते. उकळताना तिचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो. उरलेला चोथा सुकवून तोलला तर तो पाच किलोच्या आसपास भरेल. चहाच्या पानात नत्र बऱ्यापैकी असते. चोथ्यात ते चार टक्के धरले तर वर्षाकाठी २०० ग्रॅम नत्र होते. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे हे २०० ग्रॅम सुमारे ४३५ ग्रॅम युरियाइतके. अनुदानित युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, त्या भावाने आपल्या वर्षभराच्या चोथ्यातल्या नत्राची किंमत अडीच रुपयांच्या पुढे फारशी जात नाही. कॉफीचे गणित आणखी किरकोळ आहे. रोज १५ ग्रॅम पूड वापरणाऱ्या घरात वर्षाला साडेचार किलोच्या आतबाहेर सुका चोथा उरतो. त्यात नत्र दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जेमतेम ९० ग्रॅम. शिवाय हे सगळे नत्र प्रथिनांत आणि इतर सेंद्रिय पदार्थांत अडकलेले असते. ते जिवाणूंनी सोडवल्याशिवाय मुळांना मिळत नाही, आणि हे काम महिनोन् महिने चालते. तेव्हा चोथ्याला नत्रखत म्हणणे चूक नसले, तरी त्या नावाने त्याची थोरवी गाण्यात अर्थ नाही.

कच्चा चोथा मातीत मिसळला तर काय होते, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा २०१६ साली मेलबर्न विद्यापीठातून आला. सारा हार्डग्रोव्ह आणि स्टीफन लाइव्हस्ली यांनी ब्रोकोली, लीक, मुळा, व्हायोला आणि सूर्यफूल अशी पाच प्रकारची रोपे वेगवेगळ्या पोताच्या मातीत वाढवली आणि त्यांत कॉफीचा ताजा चोथा मिसळला. पाचही पिकांची वाढ खुंटली. माती कोणत्याही पोताची असो, सोबत खत दिलेले असो वा नसो, निकाल तोच. मातीची पाणी धरून ठेवण्याची ताकद मात्र वाढली, आणि तणही कमी उगवले. वाढ खुंटण्याचे कारण मातीचा सामू किंवा नत्राची टंचाई असावी, अशी शंका घेऊन त्यांनी दोन्ही तपासले, पण कारण तिथे सापडले नाही. चोथ्यातली काही द्रव्येच रोपांना अपायकारक असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. याआधी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या लिंडा चॉकर-स्कॉट यांनी या विषयावरचे विखुरलेले संशोधन एकत्र करून बागकाम करणाऱ्यांसाठी आढावा लिहिला होता. त्यात चित्र थोडे संमिश्र आहे. कोबी आणि सोयाबीनला काही प्रयोगांत फायदा दिसला, शुगर बीटचे बी चांगले उगवले. उलट लसूणघास, क्लोव्हर, चिनी मोहरी, राईग्रास यांची उगवण किंवा वाढ दबली. यातली लसूणघास आपल्याला विशेष महत्त्वाची, कारण मेथी तिची जवळची नातलग आहे. आपल्या परसात, कुंडीत सगळ्यात आधी पेरली जाते ती मेथी, आणि तिच्याच वाफ्यावर हौसेने चोथा पसरला जातो.

हे असे का होते, यामागचे कारण समजले की उपायही समजतो. कॅफिन झाड माणसांसाठी बनवत नाही. किड्यांनी पान खाऊ नये आणि शेजारी दुसरे रोप उगवू नये, यासाठी ते कामी येते. चहा-कॉफीतली फिनॉलवर्गी द्रव्ये आणि टॅनिन यांचेही काम पुष्कळसे असेच. उकळताना यांचा मोठा भाग पेयात उतरतो, पण सगळा नाही. राहिलेला अंश एखाद्या वाढलेल्या जास्वंदीला जाणवणारही नाही, पण नुकते अंकुरलेले बी अशा मातीत अडखळते. दुसरा त्रास चोथ्याच्या बारीकपणाचा आहे. कॉफीचा चोथा कुंडीत वर जाड पसरला आणि वाळला की त्याचा पापुद्रा बनतो, आणि वरून घातलेले पाणी आत मुरण्याऐवजी कडेने ओघळून जाते. चहाचा चोथा भरड असल्याने इतका घट्ट बसत नाही, पण सीटीसी पत्तीची बारीक भुकटी वापरणाऱ्या घरांत हाच प्रकार दिसतो. या दोन्ही अडचणी काळ आणि जिवाणू दूर करतात. ढिगात किंवा डब्यात चोथा पालापाचोळ्यासोबत काही महिने कुजला की कॅफिन आणि फिनॉले मोडतात, कणांचे गुच्छ बनतात आणि खत रवाळ होते.

आता आम्लतेकडे येऊ. हा दावा सर्वांत लोकप्रिय आहे, आणि दिंडोरीत तर सर्वांत फोल. कॉफीचे आम्ल पाण्यात विरघळणारे असल्यामुळे ते बहुतांशी कपातच जाते. वेगवेगळ्या अभ्यासांत उरलेल्या चोथ्याचा सामू आम्लापासून चक्क विम्लापर्यंत कुठेही मिळाला आहे. त्यावर भरवसा ठेवून मातीचा सामू बदलायचा विचारच करू नये. त्यातून आपली माती दख्खनच्या बेसाल्टातून आलेली. काळ्या आणि मध्यम काळ्या जमिनीत सामू साधारण साडेसात ते साडेआठ, आणि सोबत चुनखडी. द्राक्ष बागायतदाराला ही चुनखडी चांगली परिचयाची आहे. डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करण्याची पद्धत रुजली ती क्षार, चुनखडी आणि पाण्याचा ताण यांना तोंड देण्यासाठीच. दहा किलो मातीची कुंडी घ्या आणि तिच्यात पाच टक्के चुनखडी धरा, म्हणजे अर्धा किलो. ती संपवायला रसायनशास्त्राच्या हिशेबाने १६० ग्रॅम गंधक लागेल. चोथ्यातले नत्र कुजून त्याचे नायट्रेट होताना थोडे आम्ल तयार होते, हे खरे. पण वर काढलेले वर्षभराचे २०० ग्रॅम नत्र पूर्णपणे नायट्रेट झाले, तरी त्यातून निघणारे आम्ल फार तर सातशे ग्रॅम चुनखडीला पुरे पडेल, आणि तेही सगळ्या बागेत मिळून. उलट बोअरवेलच्या कठीण पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम चुनखडीइतका क्षार धरला आणि कुंडीला रोज एक लिटर पाणी दिले, तर वर्षाला एका कुंडीत शंभर ग्रॅमहून अधिक क्षार पडतो, दहा कुंड्यांत किलोच्या वर. आम्लतेची ही लढाई चोथ्याने जिंकणे शक्यच नाही. ज्यांना खरोखर आम्ल माती हवी आहे त्यांनी पावसाचे पाणी साठवावे, किंवा गंधक वापरावे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, आमच्या गुलाबाला वर्षानुवर्षे चहाचा चोथाच घालतो आणि फुले भरघोस येतात. हा अनुभव खोटा ठरवण्याचे कारण नाही. त्याचा अर्थ मात्र वेगळा लावता येतो. चार कपांचा चोथा एका कुंडीत रोज पडत नाही, तो आठ-दहा कुंड्यांत फिरतो. वरच्या वर पडलेला चिमूटभर चोथा तिथेच हळूहळू कुजतो, म्हणजे नकळत कंपोस्टच होते. गुलाबाचे जुने मूळ खोल असते, त्याला वरच्या थरातल्या कॅफिनशी देणेघेणे नसते. आणि ज्या हाताने चोथा पडतो तोच हात रोज त्या झाडाची सुकलेली पाने काढतो, फांदी छाटतो, पाणी बघून घालतो. फुले कशामुळे आली, हे सांगायला शेजारी तशीच एक बिनचोथ्याची कुंडी हवी, आणि ती कुणाकडे नसते. ज्या तालुक्यात देठ परीक्षणाचा अहवाल हातात आल्याशिवाय द्राक्षाला पालाशचा डोस ठरत नाही, तिथे घरच्या गुलाबाला मात्र ऐकीव माहितीवर काहीही घातले जाते, याचे थोडे नवल वाटते. मेलबर्नचा निकाल रोपांबद्दल आणि मिसळलेल्या चोथ्याबद्दल आहे. जुन्या झाडाच्या वर पडलेल्या चिमटीला तो लावू नये, आणि त्या चिमटीचा अनुभव वाफ्याला लावू नये.

गोगलगायींचा दावा कुठून आला, हे जाणून घेण्यासारखे आहे. हवाईत एका जातीच्या बेडकांचा उपद्रव वाढला होता. त्यांच्यावर कॅफिनचा प्रयोग करताना संशोधकांच्या लक्षात आले की फवारा लागलेल्या शेंबड्या गोगलगायी मरत आहेत. २००२ साली 'नेचर' मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. एक ते दोन टक्के तीव्रतेच्या कॅफिनच्या द्रावणाने बहुतेक गोगलगायी मेल्या, आणि त्याहून कितीतरी पातळ द्रावणाने त्यांचे खाणे कमी झाले. पण आपल्या कपातल्या कॉफीत कॅफिन असते ०.०५ टक्क्याच्या आसपास, आणि चोथ्यातून तर बहुतेक कॅफिन आधीच निघून गेलेले असते. २०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, तेव्हा शेतकऱ्यांनी त्या हाताने वेचल्या, आमिषे टाकली, बांधावर चुन्याची भुकटी टाकली. चोथ्याच्या कड्याने असे संकट थांबेल, असे म्हणण्याला आधार नाही. कुंडीपुरते सांगायचे तर रात्री विजेरी घेऊन गोगलगायी वेचणे अधिक खात्रीचे.

मग चोथ्याची खरी किंमत कशात आहे? कर्बात, म्हणजे मातीच्या पोटाला लागणाऱ्या सेंद्रिय पदार्थात. मेलबर्नच्या प्रयोगातली पाणी धरून ठेवण्याची जी एक गोष्ट चोथ्याच्या बाजूने गेली, ती इथे लाखमोलाची आहे. आपल्या उन्हाळ्यात कुंडीतली माती दुपारपर्यंत कोरडी पडते. काळी माती तर सुकली की तडकते आणि भिजली की चिखल होते. तिच्यात कुजलेले सेंद्रिय खत असेल तर ती भुसभुशीत राहते, मुळांना हवा मिळते. महाराष्ट्रात हे सूत्र सर्वांत ठसठशीतपणे मांडले ते श्री. अ. दाभोळकरांनी. त्यांच्या प्रयोग परिवारात द्राक्ष बागायतदार होते आणि गच्चीवर भाजी करणारेही. पालापाचोळा, काडीकचरा, घरचे ओले यांतूनच माती तयार करायची, आणि सूर्यप्रकाशाचा पुरेपूर वापर करणारे पान हेच भांडवल मानायचे, असा त्यांचा आग्रह होता. त्याच वाटेने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहात प्रीती पाटील यांनी गच्चीवर मळा फुलवला. स्वयंपाकघरातला ओला कचरा तिथेच कुजवून त्याच मातीत फळझाडे आणि भाज्या वाढवल्या. एवढ्या मोठ्या उपाहारगृहाच्या कचऱ्यात चहाचा चोथा किती असेल, याची कल्पना करता येईल. पण तिथे तो कधी एकटा वापरायचा पदार्थ नव्हता. पालेभाजीची देठे, फळांची साले, सुकी पाने यांच्यात तो एक घटक होता, आणि त्याची जागा तीच आहे.

दिंडोरीत हा धडा मोठ्या प्रमाणावर रोज डोळ्यांसमोर असतो. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर नाशिक जिल्ह्यात वाइनरी वाढल्या. दिंडोरी तालुक्यात शांदोंची वाइनरी आहे, आणि सुलाने तर आपल्या एका शिराझ वाइनला दिंडोरीचेच नाव दिले. जानेवारी ते मार्च या हंगामात द्राक्षे चिरडली जातात, आणि त्यांच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा साल, बी आणि देठांच्या चोथ्याच्या रूपात उरतो. हा चोथा ताजा असताना आंबट, टॅनिनने भरलेला आणि उग्र असतो. बी कुजायला वेळ लागतो. कच्चा मातीत घातला तर तो उगवण दाबतो, हे कॉफीइतकेच याही बाबतीत खरे. पण शेण, काडी आणि पाणी यांच्यासोबत नीट कुजवला की त्याचे पालाशयुक्त उत्तम खत होते, आणि आंबटपणाही पार मावळतो. तालुक्यातल्या कादवा सहकारी साखर कारखान्याच्या प्रेसमडचेही असेच. ताजा प्रेसमड ढिगात तापतो, म्हणून कुजवून मगच शेतात टाकावा, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. जो नियम टनावारी मालाला आपण बिनतक्रार पाळतो, तोच मूठभर चोथ्याला लावायचा, एवढेच.

चहाच्या चोथ्याचे मात्र एक वेगळेपण आहे, आणि ते परदेशी सल्ल्यांत सापडणार नाही, कारण तिथे चहा बहुधा पाण्यात मुरवतात. आपण तो साखर, दूध, आले घालून उकळतो. चोथ्याला साखर आणि दुधाची साय चिकटलेली असते. तसाच कुंडीत टाकला तर मुंग्या येतात, पाठोपाठ मावा येतो कारण मुंग्या त्याला सांभाळतात, आणि दूध आंबून वास सुटतो. उपाय साधा आहे. गाळणीतच चोथ्यावर दोनदा पाणी ओतून तो धुवावा आणि घट्ट पिळावा. ते धुवण सिंकमध्ये न सोडता एखाद्या मोठ्या झाडाच्या बुंध्याशी गेले तरी बिघडत नाही, रोज त्याच झाडाला मात्र नको. चहाचे झाड ॲल्युमिनियम आणि फ्लोराइड साठवते, अशी एक शंका अधूनमधून निघते. ती खरी आहे, पण ॲल्युमिनियम मुळांना त्रास देते ते आम्ल मातीत. आपल्या चुनखडीच्या मातीत ते विरघळत नाही. फ्लोराइडचा मोठा भाग तर चहासोबत पोटातच जातो. चहाच्या पिशव्या वापरणाऱ्यांनी पिशवी फाडून आतली पत्तीच घ्यावी, कारण पुष्कळ पिशव्यांत प्लॅस्टिक असते आणि ते कुजत नाही.

साठवणीचा विचार ऋतूप्रमाणे करावा. ओल्या चोथ्यात अर्ध्याहून अधिक पाणीच असते. झाकणबंद डब्यात ठेवला की दोन-चार दिवसांत हिरवी-पांढरी बुरशी, आंबूस वास आणि चिलटे. बुरशी झाडाला वाईट नाही, कुजण्याची ती सुरुवातच आहे. पण तो डबा ओट्यावर उघडला की तिची भुकटी नाकात जाते, आणि दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होतो. फेब्रुवारी ते मे या काळात हा प्रश्नच उरत नाही. वर्तमानपत्रावर बोटभरापेक्षा पातळ पसरला की दिंडोरीच्या उन्हात चोथा एक-दोन दिवसांत खडखडीत वाळतो. मग तो कापडी पिशवीत किंवा सैल झाकणाच्या डब्यात महिनोन् महिने टिकतो. पावसाळ्यात वाळवण्याच्या फंदात पडू नये. धुतलेला, पिळलेला चोथा त्याच दिवशी कंपोस्टच्या डब्यात टाकून वर सुक्या पानांची मूठ पसरावी. त्यासाठी लागणारी सुकी पाने फेब्रुवारी-मार्चमधली पानगळ गोणीत भरून ठेवली तरच जुलैत हाताशी असतात. बहुतेक घरगुती कंपोस्ट बिघडते ते याच एका विसरण्याने. आणखी एक सूचना घरात कुत्रा असणाऱ्यांसाठी. कॉफीचा साठवलेला चोथा त्याच्या तोंडी लागू देऊ नये, कॅफिन कुत्र्याला विषारी आहे.

कुजवताना चोथ्याचे प्रमाण घनफळाने पाचव्या हिश्श्यापुढे नेऊ नये, असे संशोधनावर आधारलेले सल्ले सांगतात. एक वाटी चोथ्याला तीन वाट्या सुकी पाने आणि एक वाटी भाजीची देठे-साले, हे माप घरात सहज जमते. द्राक्षाच्या पट्ट्यात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काड्यांना तोटा नसतो. बारीक तुकडे करून तळाला घातल्या तर हवा खेळती राहते. फक्त त्यांच्यावर हंगामभर बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या झालेल्या असतात, आणि त्यातले तांबे कुजून जात नाही, म्हणून कुंडीच्या खतात काड्या बेतानेच घ्याव्यात. गांडुळांना कॉफी आवडते, हेही अर्धेच खरे. एका अभ्यासात नुसत्या कॉफीच्या चोथ्यात गांडुळे मोठ्या प्रमाणावर मेली, आणि फाडलेला पुठ्ठा मिसळल्यावर परिस्थिती सुधारली. मिश्रण हाताने पिळल्यावर थेंब न पडता ओलसर लागावे आणि आठ-पंधरा दिवसांनी वरखाली करावे. उन्हाळा-पावसाळ्यात तीन-चार महिन्यांत, थंडीत त्याहून थोड्या अधिक काळाने त्याला मातीचा वास येऊ लागतो. तयार झाले की नाही, याची परीक्षा घरीच करता येते. एका वाटीत नुसती माती आणि दुसरीत निम्मी माती व निम्मे खत घेऊन दोन्हींत मोजून तेवढेच मेथीदाणे पेरावेत. दुसऱ्या वाटीत उगवण मागे पडली तर खत अजून कच्चे आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. अडीच रुपयांच्या नत्रासाठी एवढा उपद्व्याप कशाला, घंटागाडी रोज दारात येतेच की. पैशांच्या हिशेबाने हा आक्षेप बिनतोड आहे, आणि ज्याच्याकडे दोनच कुंड्या आहेत त्याने चोथा ओल्या कचऱ्यात द्यावा, यात काही गैर नाही. घनकचरा नियमांप्रमाणे ओला-सुका वेगळा दिला, म्हणजे तो निदान खतप्रकल्पापर्यंत पोचण्याची शक्यता तरी राहते. पण ज्याची बाग आहे तो कोकोपीट, गांडूळ खत, 'पॉटिंग मिक्स' यांवर दरवर्षी शेकडो रुपये खर्च करतो, आणि ते सगळे विकत घेतो ते कर्बासाठीच. घरच्या चोथ्याची तुलना युरियाशी न करता या पिशव्यांशी करायला हवी. चहाची टपरी किंवा कॅफे चालवणाऱ्यांचा हिशेब तर आणखी वेगळा आहे. त्यांच्याकडे चोथा दिवसाला किलोंनी निघतो, आणि तो ओल्या पिशवीत कोंडून कचऱ्यात गेला की तिथे सडून दुर्गंधी आणि मिथेन वायू निर्माण करतो. तालुक्यात द्राक्षाच्या काड्या, सुकी पाने आणि शेण यांची कमतरता नाही, त्यामुळे एखाद्या जवळच्या शेतकऱ्याने हा चोथा आठवड्यातून दोनदा उचलला तर दोघांचेही काम होते. घरासाठी मात्र इतके केले तरी पुरे: चहा गाळल्यावर चोथा धुवा, पिळा, सुक्या पानांत मिसळा, आणि मेथी नीट उगवेपर्यंत तो कुंडीपासून दूर ठेवा.